दोडामार्गचं जंगल, काजू आणि रबर: रडारकडून काय मागावं, काय मागू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांचा जमीन-आच्छादनाचा नकाशा करायचा आहे. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या उपग्रहचित्रांत काही दिसत नाही, म्हणून गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रह डेटावर ऑनलाइन काम करायची गूगलची सोय) सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाची जून ते सप्टेंबरमधली चित्रं घेतली, सात वर्ग ठरवले, नमुन्यांवरून वर्ग ओळखायला शिकणारं रँडम फॉरेस्ट हे मॉडेल चालवलं आणि अचूकता ९१ टक्के आली. नकाशा गावात नेऊन दाखवला, तर लोकांनी तो तिथल्या तिथे नाकारला. घाटाचा अख्खा पश्चिम उतार ‘विरळ जंगल’, ज्या काजूच्या बागांत माणसं रोज राबतात त्या ‘घनदाट जंगल’, आणि रबर कुठेही उगवलेलं. आता एल-बँडचा, म्हणजे जास्त लांब लहरीच्या रडारचा, डेटा विकत घ्यावा की डीप लर्निंगकडे वळावं, असं तुम्ही विचारता.

माझ्या मते सध्या दोन्ही नको. गावकरी बरोबर आहेत आणि ९१चा आकडा चूक आहे, इथून सुरुवात करू. तुमची अडचण तीन वेगळ्या गोष्टींची गुंतवळ आहे. उताराची दुरुस्ती राहिली आहे, महिने चुकीचे निवडलेत, आणि रडारला जे दिसत नाही त्याचे वर्ग केलेत. यातली एकही गोष्ट मोठ्या मॉडेलने सुटत नाही. उलट मॉडेल जितकं ताकदवान, तितकं ते उताराची सावलीसुद्धा ‘जंगलाचा प्रकार’ म्हणून मन लावून पाठ करतं.

एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही, आणि पुढचं बरंच तिच्यावर ठरतं: नकाशा कशासाठी हवा आहे? गेल्या चार वर्षांत कुठे झाडतोड झाली हे दाखवायचं असेल तर तो बदलाचा नकाशा, त्याची रीत वेगळी. वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गाचा अभ्यास असेल तर जंगल सलग आहे की तुटक, हे महत्त्वाचं. झाड ऐनाचं की किंजळाचं यावाचून अडत नाही. ग्रामपंचायतनिहाय काजू आणि रबर किती हेक्टर, एवढंच हवं असेल तर नकाशापेक्षा नमुना पाहणी भारी पडते. खाली मी असं धरून चालतो की तुम्हाला जंगल, बागायत आणि शेती यांची आजची स्थिती दाखवणारा, लोकांसमोर मांडता येईल असा नकाशा हवा आहे.

आधी रडारला दिसतं काय ते पाहू. सेंटिनेल-१ सी-बँडवर चालतो, तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. ही लहर झाडाच्या शेंड्यातली पानं, डहाळ्या, बारीक फांद्या यांच्यावर आपटून परत येते. दाट रानात खोडापर्यंत फारशी पोचतच नाही. त्यामुळे हेक्टरी काही दशक टनांच्या वर झाडोरा गेला की सी-बँडला पुढची वाढ कळेनाशी होते. पंधरा वर्षांची काजूची बाग आणि शेजारचं निमसदाहरित रान त्याच्या लेखी एकच: पानांनी भरलेला खडबडीत पृष्ठभाग. रडारला रंग दिसत नाही, हरितद्रव्य दिसत नाही, जात दिसत नाही. त्याला आकारमान, खडबडीतपणा आणि पाणी दिसतं. हे मनात पक्कं असलं की ‘काजू घनदाट जंगलात गेला’ याचं आश्चर्य वाटत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येतसुद्धा एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्रावर दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन धरतात, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. त्यात फळबागाही येतात. म्हणजे तुमच्या नकाशातला हा घोळ सरकारी आकडेवारीत व्याख्येनेच आत बसलेला आहे. तालुक्याच्या आकड्यांशी ताळा घालाल तेव्हा हे विसरू नका.

आता ढगांबद्दल. उष्णकटिबंधातल्या जंगलासाठी रडार हवंच, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते ॲमेझॉन, गॅबन, बोर्निओ अशा प्रदेशांसाठी खरं आहे. ब्राझीलने १९७०च्या दशकात राडाम प्रकल्पात विमानावर रडार बसवून ॲमेझॉनचं खोरं नकाशावर आणलं, कारण तिथे काही भागांत वर्षभर स्वच्छ आकाश मिळण्याची मारामार. आपल्याकडे तसं नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो हे खरं, पण तो जवळजवळ सगळा चार-साडेचार महिन्यांत पडून जातो. डिसेंबर ते मार्च कोकणाचं आकाश बहुतेक निरभ्र असतं आणि सेंटिनेल-२ या साध्या, म्हणजे ऑप्टिकल उपग्रहाची दहा मीटरची चित्रं फुकट मिळतात. तेव्हा पावसाळ्यात ढग असतात म्हणून आख्खा नकाशाच रडारवर करायचा, हा निर्णय मला पटत नाही. बोर्निओतली सक्ती आपण कोकणात ओढवून घ्यायचं कारण नाही. रडारला त्याचं काम द्या, बाकीचं ऑप्टिकलवर सोडा.

त्यात तुम्ही चारही महिने असे निवडलेत की जेव्हा सगळं कोकण ओलं, हिरवं आणि पानांनी गच्च भरलेलं असतं. पानांवर पाणी, जमीन भिजलेली, गवत कमरेएवढं. सी-बँडचा परतावा सगळीकडेच चढतो आणि वर्गावर्गांतला फरक सगळ्यात कमी होतो. मुसळधार पावसाचा ढग वाटेत आला तर सी-बँडच्या चित्रात त्याचासुद्धा डाग उमटतो. जंगलाचे प्रकार ओळखायला पावसाळा हा सगळ्यात वाईट काळ. पावसाळी रडार ज्याच्यासाठी अमोल आहे ती गोष्ट म्हणजे भातशेती. तिच्याकडे नंतर येतो.

पण सगळ्यात आधी उतार, कारण घाटाचा जो पट्टा तुमच्या नकाशात विरळ दिसतो त्याचा झाडांशी बहुधा संबंधच नाही. सेंटिनेल-१ आपल्या उजव्या बाजूला तिरकं बघत जातो. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणाऱ्या फेरीत, म्हणजे डिसेंडिंगमध्ये, तो पूर्वेकडच्या आकाशातून पश्चिमेकडे बघतो. सह्याद्रीचा कोकणाकडचा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. म्हणजे या फेरीत तो उपग्रहाकडे पाठ फिरवून असतो. लहर त्याला घासून पुढे जाते, परतावा घटतो, चित्रात तो काळपट येतो. तुमचे प्रशिक्षणाचे नमुने मुख्यतः सपाटीवरचे आणि रस्त्याकाठचे असणार, सगळ्यांचे तसेच असतात. त्या मापाने काळपट म्हणजे कमी झाडोरा, म्हणून अख्खा उतार ‘विरळ’. चढत्या, म्हणजे असेंडिंग फेरीचं चित्र घेतलं असतं तर हाच कडा उजळ आणि दबून आखूड झालेला दिसला असता, आणि नकाशाने त्याला घनदाट म्हटलं असतं.

अर्थ इंजिनवरच्या सेंटिनेल-१ संग्रहात उष्णता-गोंगाट काढलेला असतो, कॅलिब्रेशन केलेलं असतं, चित्र भौगोलिक जागेवर बसवलेलं असतं. हे वाचून बऱ्याच जणांचा समज होतो की भूरूपाची दुरुस्ती झाली. झालेली असते ती फक्त जागेची. उतारामुळे उजेडात पडलेला फरक तसाच राहतो. तो काढायला उंचीचं प्रारूप वापरून प्रत्येक पिक्सेलला उपग्रहाकडे किती क्षेत्रफळ दिसतं ते मोजावं लागतं, आणि मग मिळणाऱ्या गॅमा-नॉटवर, म्हणजे उतार-दुरुस्त परताव्यावर, काम करायचं. स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘टेरेन फ्लॅटनिंग’ नावाची पायरी आहे ती हीच. अर्थ इंजिनसाठी तयार उतार-दुरुस्तीचे कोडही मोकळे मिळतात. सगळ्यात कमी कष्टाचा मार्ग हवा असेल तर अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीकडून ही दुरुस्ती केलेली चित्रं मागवून घ्या. तीस मीटरचा ओपेरा मालिकेतला तयार माल तिथे फुकट आहे. उंचीसाठी कोपर्निकसचं तीस मीटरचं प्रारूप पुरतं.

तरीही काही जागा सुधारत नाहीत. सेंटिनेल-१चा आपाती कोन, म्हणजे लहर उभ्या रेषेपासून किती तिरकी पडते तो, पट्ट्याच्या एका कडेला २९ अंशांच्या आसपास, दुसऱ्या कडेला ४६च्या. उपग्रहाकडे तोंड केलेला उतार या कोनापेक्षा जास्त उभा असेल तर माथा पायथ्याच्या आधी नोंदला जातो आणि दोन्ही एकमेकांवर कोसळतात. पाठ केलेला उतार नव्वदातून हा कोन वजा केल्यावर उरेल त्याहून उभा असेल तर तिथे रडारची निव्वळ सावली. तिलारीच्या वरच्या अंगाला, रामघाटाच्या कड्यांत अशी जागा भरपूर सापडेल. ती वर्गीकरणात घुसवू नका. करडी ठेवा, आणि सूचीत ‘रडारला दिसत नाही’ असं चक्क लिहा.

चढत्या आणि उतरत्या फेऱ्यांची चित्रं एका सरासरीत मिसळू नका. उतार-दुरुस्तीनंतरही थोडा फरक उरतो, शिवाय उतरती फेरी आपल्यावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास जाते आणि चढती संध्याकाळी. डिसेंबर-जानेवारीत कोकणात सकाळी पानापानावरून दव ठिबकत असतं, संध्याकाळी पानं कोरडी. एकाच बागेच्या या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर बागेत काहीतरी घडलं असं वाटेल, आणि घडलेलं नसतं काहीच. तुमच्या भागावर दोन्ही फेऱ्या सारख्याच नियमाने मिळतील असंही धरून चालू नका. आधी तारखांची यादी काढा, एक कक्षा-क्रमांक निवडा आणि वर्षभर त्यालाच धरून राहा.

सरासरीचा विषय निघालाच आहे तर एक बारीक पण महागात पडणारी बाब. अर्थ इंजिनवर आकडे डेसिबलमध्ये दिसतात आणि सरासरी सर्रास त्यांचीच घेतली जाते. डेसिबल हा लॉगॅरिदम आहे. समजा एका पिक्सेलच्या दोन नोंदी उणे १० आणि उणे २० डेसिबल आहेत. डेसिबलची सरासरी उणे १५ येते. प्रत्यक्ष ऊर्जेत त्या ०.१ आणि ०.०१, त्यांची सरासरी ०.०५५, म्हणजे उणे १२.६ डेसिबल. फरक जवळपास अडीच डेसिबलचा, आणि जंगल आणि बाग यांच्यातला अख्खा फरक अनेकदा याहून कमी असतो. तेव्हा आधी ऊर्जेत बदला, तिथे सरासरी आणि गाळण करा, मग हवं तर डेसिबलमध्ये या. चित्रातली मीठ-मिरपूड, ज्याला आपण स्पेकल म्हणतो, ती घालवायलाही मोठ्या खिडकीचा फिल्टर फिरवून चित्र लापशी करण्यापेक्षा वर्षभराच्या चित्रांची कालिक सरासरी घ्या. बारा दिवसांना एक धरलं तरी वर्षाला तीसेक चित्रं होतात, आणि बांध, पाणंदी, बागेच्या कडा शाबूत राहतात.

आता वर्ग. यात सगळ्यात सोपा आणि सुखाचा वर्ग म्हणजे भात. जूनच्या शेवटी चिखलणी होते, कुणग्यात (भाताच्या खाचरात) पाणी तुंबतं, लावणी होते. स्थिर पाण्यावरून लहर आरशावरून परावर्तित व्हावी तशी पलीकडे निघून जाते, व्हीएचचा (उभी लहर सोडून आडवी टिपलेल्या नोंदीचा) परतावा एकदम खाली येतो. मग रोप फुटवे धरतं, पाण्यातून वर येतं, ऑगस्टपर्यंत आलेख चढत जातो, पोटरी-निसवणीला सपाट होतो आणि ऑक्टोबरमध्ये कापणीनंतर पुन्हा उतरतो. असा खड्डा-चढ-उतार कोकणात दुसऱ्या कशाचाच नाही. ज्या मळ्यांत वायंगण, म्हणजे हिवाळी दुसरं भात, घेतात तिथे डिसेंबर-जानेवारीत दुसरा खड्डा दिसतो, म्हणजे एकपिकी आणि दुपिकी जमीन आपोआप वेगळी पडते. हे काम ढगाआडून ऑप्टिकल उपग्रह करून देत नाही. अडचण आहे ती कुणग्यांच्या आकाराची. पिक्सेल दहा मीटरचा दिसत असला तरी सेंटिनेल-१ची खरी विभेदनक्षमता पाच बाय वीस मीटर आहे. डोंगरउतारावरचे अरुंद टप्पे त्यात बांधावरच्या झाडांसकट मिसळतात आणि खड्डा उथळ होतो. खालच्या सपाट मळ्यांसाठीचा उंबरठा वरच्या टप्प्यांना लावू नका.

सड्याची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराची, गंमत वेगळी. कातळावर मे महिन्यात काहीच नसतं, व्हीएच तळाला. पावसाळ्यात गवत आणि मध्येमध्ये साचलेलं पाणी, त्यामुळे आकडे अस्थिर. सडा पकडायला एक खात्रीची युक्ती आहे: कोहेरन्स. बारा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं घेऊन परतलेल्या लहरीची कला (फेज) किती जुळते ते पाहायचं. जंगलात पान न् पान हलतं, सी-बँडची जुळणी मोडून पडते. कातळ आणि घरं कोरड्या महिन्यांत जिथल्या तिथे असतात, जुळणी टिकते. यासाठी ही फेज जपून ठेवणारी एसएलसी प्रकारची चित्रं लागतात, ती अर्थ इंजिनवर नाहीत, डाउनलोड आणि प्रक्रिया दोन्ही जड. सडे हा तुमच्या कामाचा मुख्य विषय नसेल तर एवढा खटाटोप करू नका, उन्हाळ्याच्या सेंटिनेल-२मध्ये ते तसेही स्पष्ट दिसतात.

रबराकडे येऊ. केरळातून आलेलं हे पीक दोडामार्गात डोंगरउतारांवर पसरलंय, आणि पावसाळी रडारमध्ये ते जंगलातून वेगळं काढणं मला तरी जमलेलं नाही. पण रबराची एक सवय त्याला उघडं पाडते: थंडीत ते एकगठ्ठा पानं टाकतं आणि काही आठवड्यांत नवी पालवी घेऊन पुन्हा हिरवंगार होतं. आपल्या पानझडी रानातले ऐन, किंजळ, साग असे घाईने भरत नाहीत. ते उन्हाळ्यात बराच काळ बोडके राहतात. सदाहरित पट्टा तर थंडीत हलतच नाही. म्हणजे डिसेंबर ते एप्रिलच्या सेंटिनेल-२मधून हिरवेपणाचा आलेख काढला की तीन वेगळ्या चाली दिसतात: लवकर खाली जाऊन झटकन वर येणारा रबराचा, उशिरा खाली जाऊन खालीच रेंगाळणारा पानझडीचा, आणि जवळजवळ सपाट सदाहरिताचा. पानगळ कोणत्या आठवड्यात होते हे वर्षागणिक, उंचीगणिक आणि जातवाणागणिक सरकतं, म्हणून एकच तारीख पकडू नका. ठराविक अंतराच्या मालिकेतला तळ शोधा. सी-बँडमध्येही पानगळीची हालचाल उमटते, पण ती छोटी असते आणि दवाच्या, अवकाळीच्या गोंधळात बुडते. रबरासाठी रडार हे दुय्यम साक्षीदार.

काजूचं दुखणं खरं अवघड. तो सदाहरित, म्हणून ऋतूचा आलेख त्याला फारसा उघडा पाडत नाही. इथे मात्र एल-बँडला जागा आहे. त्याची लहर साधारण २३-२४ सेंटिमीटरची, पानांमधून आत जाते आणि जाड फांद्या, खोडं यांच्यावरून परतते. कलमी काजू सात-आठ मीटर अंतराने लावलेला, बुटका, आडवा पसरलेला. त्याच्यात जाड लाकूड उंच रानाच्या मानाने कमी, म्हणून एल-बँडच्या एचव्हीमध्ये (आडवी लहर सोडून उभी टिपलेल्या नोंदीत) तो शेजारच्या निमसदाहरित जंगलापेक्षा खाली राहतो. यासाठी लगेच विकत काही घ्यायची गरज नाही. जपानची अंतराळ संस्था जाक्सा आलोस मालिकेतल्या पालसार रडारचे वार्षिक मोझेक (वेगवेगळ्या तारखांचे पट्टे जोडून केलेली चित्रं) २५ मीटरवर फुकट देते, उतार-दुरुस्तीसकट. २००७ ते २०१० आणि मग २०१५पासून पुढे. त्यातला आकडा थेट डेसिबल नसतो: त्याचा वर्ग करा, दहाच्या पायाचा लॉग घ्या, दहाने गुणा आणि ८३ वजा करा. मोझेकबरोबर तारखांचाही थर येतो, तो जरूर उघडा. एक पट्टा भर पावसातला आणि शेजारचा उघडिपीतला असेल तर दोन्हींच्या मधे सरळ उभी शिवण दिसते, आणि ती नकाशात तशीच उतरते.

पण एल-बँडलाही मर्यादा आहे. हेक्टरी शंभर टनांच्या आसपास तोही थकतो. शिवाय जुना गावठी काजू, ज्याच्यात मध्येच फणस, आंबा, किंजळ, ऐन वाढलेत आणि खाली करवंदाची जाळी माजलीय, तो कशानेच नीट वेगळा होत नाही. आणि तो बाग आहे की रान, याचं उत्तर जागेवर उभं राहूनही दोन माणसं दोन देतील. अशा पिक्सेलांसाठी ‘मिश्र काजू-रान’ असा वेगळा वर्ग करा. सात वर्ग हवेतच असं कुणी सांगितलंय? नऊ करा, पण असे की ज्यांतला फरक उपग्रहाला दिसतो. माड-पोफळीचं कुळागर ओढ्याकाठी, चिंचोळं आणि कायम ओलं असतं. त्याला ओढ्यापासूनचं अंतर आणि उंची हे दोन थर दिले की निम्मं काम होतं. तेरेखोलच्या खाडीतलं कांदळवन भरतीरेषेने मर्यादित आहे, त्याच्यासाठी वेगळा डोंगर खोदायची गरज नाही.

पुढचं चित्र मात्र बदलतंय. निसार उपग्रह ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड रडार आहे, बारा दिवसांची पुनरावृत्ती आहे आणि डेटा खुला ठेवायचं धोरण आहे. वर्षातून एका मोझेकऐवजी एल-बँडची मालिकाच हातात येणार असेल, तर आज खिशातले पैसे खर्चून चार सुटी एल-बँड चित्रं घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही. युरोपचा बायोमास उपग्रहही एप्रिल २०२५मध्ये गेला, त्याची लहर सत्तर सेंटिमीटरची, पण तो जंगलातलं लाकूड मोजायला. काजूच्या तुकड्यांसाठी त्याचा पिक्सेल फार भरड आहे. आपल्या इस्रोच्या ईओएस-०४ उपग्रहाची सी-बँड चित्रं भूनिधी पोर्टलवर शोधून बघा, पण सी-बँडचे जे गुणदोष वर सांगितले ते त्यालाही लागू.

झाडतोड दाखवायची असेल तर अजून एक सावधगिरी. खाजगी रान साफ केलं की सी-बँडचा परतावा लगेच कोसळेल असं वाटतं, तसं नेहमी होत नाही. आडवे पडलेले ओंडके, फांद्यांचे ढीग, उकरलेली जमीन यांच्यावरूनही लहर भरपूर परतते. एल-बँडच्या एचएचमध्ये (आडवी सोडून आडवीच टिपलेल्या नोंदीत) तर तोडीनंतर आकडा चढलेलाही दिसतो. ढीग उचलले किंवा जाळले की मग घसरण दिसते. आणि एक पावसाळा गेला की माजलेलं रान सी-बँडला पुन्हा जंगलासारखं भासू लागतं. म्हणून तोड शोधायची तर ऑक्टोबर ते मे या एकाच हंगामात, चित्रामागून चित्र, व्हीएच बघत जायचं. दोन वर्षांच्या दोन पावसाळी सरासऱ्या वजा करून बसलात तर मधली तोड हातून निसटेल.

शेवटी ते ९१ टक्के. तुम्ही एकेका बागेवर बहुभुज काढलात, त्यातले पिक्सेल काढले आणि सत्तर-तीस असे नशिबावर वाटले, बरोबर? मग परीक्षेतला पिक्सेल हा प्रशिक्षणातल्या पिक्सेलचा सख्खा शेजारी. उत्तरपत्रिका आधीच फुटलेली. वाटणी बहुभुजानुसार करा, जमल्यास गावानुसार: भेडशी, साटेली, कोनाळ एका गटात, परीक्षेला तिलारीपलीकडची गावं. आकडा बहुधा सत्तरीच्या आसपास किंवा त्याखाली येईल. घाबरू नका, तोच खरा आहे. आणि एकूण अचूकता एकटी छापू नका. काजूचे किती टक्के सापडले आणि काजू म्हणून दाखवलेल्यातले किती खरे काजू निघाले, हे दोन आकडे प्रत्येक वर्गाला द्या. क्षेत्रफळही पिक्सेल मोजून सांगू नका. वर्गवार यादृच्छिक नमुने तपासून चुकांचं प्रमाण धरून दुरुस्त केलेला अंदाज आणि त्याची खालची-वरची मर्यादा द्या.

जागेवरची माहिती कमी पडते अशी तक्रार असेल तर गाव नमुना बारा आणि २०२१पासूनची ई-पीक पाहणी ही चांगली सुरुवात आहे, शेवट नव्हे. सातबाऱ्यावर काजू आणि जागेवर ऐन-किंजळाचं रान, किंवा उलट, हे दोन्ही सर्रास भेटतं. गट निवडायला नोंद वापरा, वर्ग ठरवायला डोळे. आणि मालकांची नावं, गट नंबर प्रशिक्षणाच्या फाइलमधून काढून टाका; रबराचा विषय त्या भागात किती तापलेला आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

कामाचा क्रम मी असा लावेन: एका कक्षेची वर्षभराची उतार-दुरुस्त मालिका, तिच्यातून भात आणि पाणी, कोरड्या हंगामाच्या सेंटिनेल-२मधून रबर, पानझडी आणि सदाहरित, पालसारच्या एचव्हीमधून काजू आणि उंच रान, दिसत नाही ते करडं. रँडम फॉरेस्ट यासाठी पुरेसं आहे. डीप लर्निंगला हजारो स्वच्छ नमुने लागतात. तेवढे तुमच्याकडे झाले तर जरूर करा, पण दोन तालुक्यांसाठी तेवढी पायपीट केलीत तर निम्मा नकाशा हातानेच काढून झालेला असेल.

पुढच्या वेळी गावात नेताना रंगवलेला नकाशा थेट पुढे करू नका. नकाशाची जिथे खात्री नाही असे चाळीस-पन्नास तुकडे निवडा, प्रत्येकाचा जवळून घेतलेला उपग्रह फोटो छापा, वाडीचं नाव घाला आणि ‘इथे काय आहे?’ एवढंच विचारा. आलेली उत्तरं प्रशिक्षणात घालायची की परीक्षेला ठेवायची हे बैठकीआधीच ठरवून लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा ९१ टक्के येतील.